रागाचा रंग

१९७१ सालच्या दिवाळीला पंधरा-वीस दिवस उरले असतील. मिरजेला आमच्या घरी जबलपूरहून एक आंतरदेशीय पत्र आले. वडिलांनी पत्त्यावरचे अक्षर पाहिले, चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच ते फोडले. जबलपूरला माझे काका असत. पण अक्षर काकांचे नव्हते. ते त्यांच्या मुलाचे होते, आणि पत्र हिंदीत होते. हा माझा चुलतभाऊ जबलपुरातच जन्मला, तिथेच वाढला आणि तिथल्या कॉलेजात हिंदी साहित्य घेऊन शिकत होता. मराठी त्याला बोलता येई. लिहायचे म्हटले की हात हिंदीकडे वळे.

वडील आणि काका नऊ वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. कारण सांगितले तर हसू येईल. आजोबांचा एक तंबोरा होता. तलवारींना पाणी देणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी मिरजेत तंतुवाद्ये करायला घेतली, त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे लोटली. अशाच एका घरी आजोबांनी तो मुद्दाम करवून घेतला होता. भोपळा पंढरपूरकडचा, दांडी तुणीची, आणि घुमारा असा की ओसरीवर छेडला तर माजघरातल्या भांड्यांना कळावे. १९६२ साली आजोबा गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "तंबोरा मी जबलपूरला नेतो." वडील म्हणाले, "तो या घरातून हलायचा नाही." इथवर ठीक होते. पण वडिलांनी पुढे विचारले, "आणि नेऊन करणार काय? तुला गाता तरी कुठं येतं?" काका त्याच संध्याकाळच्या गाडीने गेले. त्यापूर्वी दर दिवाळीला ते मिरजेला येत. नंतर आले नाहीत.

तर ते पत्र. ख्यालीखुशालीच्या चार ओळी होत्या. काकांना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला होता. आणि मग एक वाक्य होते, जे वडिलांनी मोठ्याने वाचले: "पिताजी कुछ कहते नहीं, पर आपके प्रति उनका राग आज भी वैसा ही है."

वडिलांनी पत्राची घडी घातली आणि ते पंचांगात ठेवून दिले. "तसाच आहे म्हणे," ते म्हणाले. "असू दे. माझा तरी कुठं गेलाय?"

त्यांनी शब्दाचा जो अर्थ घेतला, तो मिरजेत अगदी बरोबर होता. जबलपुरात तो बरोबर नव्हता, हे कळायला मला आठ वर्षे लागली. तेव्हा मी एका शाळेत मराठी शिकवू लागलो होतो आणि कुठल्याशा धड्याच्या निमित्ताने वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश उघडून बसलो होतो. १८९० साली पुण्यात निघालेला हा कोश आजही शिक्षकांच्या कपाटात असतो. 'राग' या शब्दापुढे अर्थांची रांगच्या रांग होती. रंग, लाली, लाखेचा रंग, प्रेम, आसक्ती, आनंद. रागही त्यात होता, गाण्यातला राग होता, लोभदेखील होता. मी बोट ठेवून ती रांग खालपर्यंत वाचली, आणि उठून पंचांगांच्या गठ्ठ्यात हात घातला.

राग हा शब्द मुळात रंगाऱ्याच्या घरचा. संस्कृतातला 'रञ्ज्' हा धातू: रंगणे, तांबडे होणे, आणि म्हणूनच एखाद्याच्या ठायी गुंतणे. याच एका धातूच्या पोटी रंग जन्मला आणि रागही जन्मला. रंजन, मनोरंजन त्यांचेच. रक्त म्हणजे रंगलेले, तांबडे. अंगातल्या रक्ताला ते नाव नंतर चिकटले. कपडे रंगवणारा-धुणारा तो रजक. माणकाला पद्मराग म्हणतात. दिवाळीच्या पहाटे आपण कुडकुडत अंगाला उटणे लावून घेतो, त्याला संस्कृत नाटकातली एखादी नायिका अंगरागच म्हणाली असती. ज्याचे मन रंगले तो अनुरक्त. ज्याच्या मनाचा रंग उतरला तो विरक्त. आणि रंग उतरवण्यालाच जो आयुष्य देतो, तो दारी येणारा बैरागी.

प्रेमाला रंगाची उपमा द्यायची म्हटली तर आजचा लेखक 'गुलाबी' म्हणून मोकळा होईल. जुन्या शास्त्रकारांना तेवढ्याने भागत नसे. चौदाव्या शतकात ओरिसात विश्वनाथ नावाचा पंडित होऊन गेला. त्याच्या साहित्यदर्पणात प्रेमिकांच्या भेटीपूर्वीच्या प्रेमाचे, म्हणजे पूर्वरागाचे, तीन प्रकार सांगितले आहेत, आणि तिन्हींची नावे रंगाऱ्याच्या पिंपातून काढलेली आहेत. पहिला नीलीराग, निळीसारखा: फारसा झळकत नाही, पण जातही नाही. दुसरा कुसुंभराग: झळकतो खूप आणि उडून जातो. तिसरा मंजिष्ठाराग: झळकतोही आणि टिकतोही.

कुसुंभ म्हणजे आपली करडई. सोलापूर, मराठवाड्याकडच्या वाचकांना ती तेलासाठी आणि भाजीसाठी ठाऊक. पण तिच्या फुलांपासून सुरेख तांबडा रंग निघतो, आणि उन्हापाण्यात तो तितक्याच लवकर विटतो. मंजिष्ठ मात्र तुरटीच्या पाण्यात कापड मुरवून चढवली की पिढ्या टिकते. मला हे वर्गीकरण वाचताना त्या पंडितापेक्षा त्याच्या शेजारच्या रंगाऱ्याचे कौतुक वाटते. माणसांच्या मनांचे तीन प्रकार त्याने वाळत घातलेल्या लुगड्यांवरून ओळखले असतील.

मग हा रंग गाण्यात कसा शिरला? एक सुंदर जागा कालिदासाच्या शाकुंतलात आहे. नाटक सुरू होण्यापूर्वी नटी ग्रीष्म ऋतूचे गाणे म्हणते. ते संपल्यावर सूत्रधार जे बोलतो त्याचा आशय असा, की गाण्याच्या रागाने सगळ्यांची मने अशी बांधली गेली आहेत की सगळा प्रेक्षकवर्ग चित्रात काढल्यासारखा स्तब्ध झाला आहे. त्या एका वाक्यात राग आहे, चित्र आहे आणि रंगही आहे; कारण रंग म्हणजे नाट्यगृहही आणि त्यात बसलेले प्रेक्षकही. याहून गंमत म्हणजे लगेच तो नटीला विचारतो की आता कोणते नाटक करायचे बरे? गाण्याने त्याला इतके ओढून नेले की आपण कशासाठी उभे आहोत हेच तो विसरला. पुढे राजा शकुंतलेला विसरणार आहे, त्याची ही पहिली चाहूल. इथे राग म्हणजे आजच्यासारखा आरोह-अवरोह ठरलेला राग नव्हे. गाण्याची मनाला रंगवण्याची शक्ती. पण शब्द गायकाच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिलेला दिसतो.

त्याला हात धरून आत घेतले ते मतंगाने. त्याच्या बृहद्देशी या ग्रंथात रागाची व्याख्या मिळते: स्वर आणि वर्ण यांनी नटलेला, लोकांच्या चित्ताचे रंजन करणारा असा विशिष्ट ध्वनी तो राग. गाण्यात वर्ण म्हणजे स्वरांची चाल: स्थिर, चढती, उतरती, फिरती, पण वर्ण म्हणजे रंगही. व्याख्या करतानासुद्धा पंडिताचे बोट पिंपातच बुडालेले आहे. नारदी शिक्षेत चांगल्या गाण्याचे दहा गुण सांगताना पहिलाच गुण 'रक्त' असा दिला आहे. बासरी, वीणा आणि कंठ यांचा स्वर एक होऊन जातो, तेव्हाचे गाणे रक्त. आज कुणा गवयाला 'आपलं गाणं फार रक्त झालं' असे म्हणून पाहा!

या साऱ्याचा मोठा हिशेब मांडला गेला तो आपल्याच मातीत. देवगिरीला यादवांचे राज्य असताना, सिंघणाच्या दरबारात, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख आणि वैद्यकाचाही जाणकार. हिशेबनिसाने गाण्यावर लिहावे हे मला फार योग्य वाटते; रागांचे जमाखर्च ठेवायला तसाच माणूस हवा. सात अध्यायांतला एक संपूर्ण अध्याय रागविवेकाचा आहे, आणि त्यात २६४ राग मोजलेले आहेत. औरंगाबादेहून दौलताबादच्या किल्ल्यावर सहलीला जाणारी मंडळी अंधाऱ्या वाटेची गोष्ट मुलांना रंगवून सांगतात. कधी हीही सांगावी.

त्याच यादवांच्या राज्यात, थोड्याच वर्षांनी, १२९० साली ज्ञानेश्वरी झाली. चौदाव्या अध्यायात रजोगुणाचे नाव उलगडताना ज्ञानेश्वरांनी जीवाला रंजवण्याचीच कल्पना घेतली आहे. म्हणजे गवई ज्यासाठी धडपडतो, त्याच रंगण्यापासून योग्याने सावध राहायचे. एकाची सिद्धी ती दुसऱ्याची अडचण.

गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत राग, भय आणि क्रोध ही ओळीने येतात. लहानपणी आजोबांनी आम्हाला दुसरा अध्याय पाठ करायला लावला, तेव्हा मी विचारले होते, "राग एकदा सांगितला, मग परत क्रोध कशाला?" आजोबांनी उत्तर दिले असते, पण तेवढ्यात वडील म्हणाले, "मुकाट्यानं पुढं म्हण." ते असे रागावले की प्रश्न विचारायची सोय नसे. आमच्या शेजारच्या जैन काकू रोज सकाळी बस्तीत दर्शनाला जात. तीर्थंकरांना वीतराग म्हणतात ते का, असे विचारले तर म्हणत, "त्यांना राग येत नाही म्हणून." उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही, ज्याची आसक्तीच गेली त्याचा क्रोधही जाणारच. पण पंडित हसले असते.

याच काकू वडिलांबद्दल म्हणत, "दादांना दोनच राग येतात. एक भूप आणि दुसरा नाकावरचा." हा विनोद मराठीतच होऊ शकतो. पंजाबात 'रागी' म्हणजे गुरुद्वारात कीर्तन करणारा गायक. गुरुग्रंथसाहेबाची सारी रचनाच रागांप्रमाणे लावलेली आहे, आणि त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेवांना 'रागी' म्हटलेले मिरजेच्या माणसाने ऐकले तर तो चमकेल. आणि पलीकडे कर्नाटकात रागी म्हटले तर नाचणीची भाकरी पुढे येईल. गुजरातीत आणि हिंदीत राग म्हणजे प्रेम, ओढ, नाही तर सूर. 'अपनी अपनी डफली, अपना अपना राग' या म्हणीत कुणी कुणावर चिडलेले नाही. हिंदीत राग-रंग म्हणजे नाचगाण्याची मौज. आपल्याकडे 'घरातला रागरंग पाहून मी काढता पाय घेतला'. शब्द तेच, जोडी तीच, आणि एकीकडे माणूस मैफलीत शिरतो, दुसरीकडे दारातून परततो.

मात्र आपण एकटे नाही. कोकणीत राग म्हणजे रागच. बंगालीत तसेच, उडियातही तसेच. पूर्वेला बंगाल-ओरिसा, पश्चिमेला आपण; आणि मधल्या साऱ्या हिंदी मुलखात राग अजून प्रेमाचा.

रंगाचा क्रोध कसा झाला? माझ्या मते वाट डोळ्यांतून गेली. रञ्ज् म्हणजे रंगणे, पण कोणताही रंग नव्हे, विशेषेकरून तांबडा. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग दिलेला आहे. शृंगाराचा रंग आपण तांबडा धरू, पण भरताने तो श्याम सांगितला आहे. तांबडा दिला आहे रौद्राला. प्रेमाने मन रंगते ते कुणाला दिसत नाही. क्रोधाने डोळे रंगतात ते साऱ्या घराला दिसतात. डोळ्यांत राग आला, म्हणजे लाली आली. हे इतक्या वेळा म्हटले गेले की लाली विसरली आणि तिचे कारण तेवढे शब्दाला चिकटून राहिले. आपण आजही 'रागाने लाल झाला' म्हणतो. मूळ अर्थ धरला तर ते 'लालीने लाल झाला' असे होईल.

पण नुसत्या तांबडेपणाने हे उलगडत नाही, असे मला पुढे वाटू लागले. मराठीत चिडण्याला शब्द थोडे नाहीत. देव कोपतो. ऋषी क्रोधाविष्ट होतात. शाकुंतलातल्या दुर्वासांना रागीट म्हटले तर शाप लहान वाटू लागतो. समुद्र खवळतो, बैल बिथरतो, संताप डोक्यात जातो, अन्यायाची चीड येते. रागावते ती आई. रागावतात ते गुरुजी. 'बाबा रागावतील' यात धाक आहे, पण परकेपणा नाही. बसमध्ये पाय तुडवणाऱ्यावर आपण डाफरतो, भांडतो. त्याला 'मी तुमच्यावर रागावलोय' असे सांगून पाहा, तो जागा बदलून बसेल. राग धरायचा असतो, गिळायचा असतो, निवायची वाट पाहायची असते. हे सगळे करायला समोरचा माणूस पुन्हा भेटणारा हवा. लटका राग तर आपल्याखेरीज कुणावर करताच येत नाही. पहिल्या दिवाळसणाला जावई रुसतो, त्याचे मूळ भांडवल हेच आहे. बंगाल्यांनी आपल्या माणसावरच्या रुसव्याला 'अभिमान' असा वेगळा शब्द ठेवला आहे. आपण अभिमान दुसऱ्याच कामाला लावला आणि रागातच सारे बसवले.

आणखी पाहा: 'मला तुझा राग येतो.' तुझ्यावर नव्हे, तुझा. जसा तुझा लळा, तुझी माया, तुझी ओढ. हे मला सुचले तेव्हा मोठा शोध लागल्यासारखे वाटले होते. पण मग 'तुझा कंटाळा येतो' हेही आठवले. तेव्हा व्याकरणावर फार भार घालण्यात अर्थ नाही.

चित्रकारांना ही गोष्ट ठाऊक होती. रागमालेच्या चित्रांत प्रत्येक राग पुरुष आणि त्याच्या रागिण्या बायका, असा संसार मांडलेला असतो. त्यांतल्या रामकलीचे चित्र पुष्कळ ठिकाणी एकाच धाटणीचे दिसते. सकाळ झाली आहे, बाई तोंड फिरवून बसली आहे, आणि तो तिच्या पायाशी वाकला आहे. रात्री कुठे होता कोण जाणे. रागिणी रागावलेली आहे! ज्यांच्या भाषेत राग म्हणजे क्रोध नव्हता, त्यांनीही हे चित्र काढले. आजच्या रामकलीचे स्वर काय आणि कसे, हे मात्र त्या चित्रावरून कुणी ठरवू नये. ते काम विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगावच्या उस्तादांच्या मिनतवाऱ्या करून केले आणि रागांना दहा थाटांच्या घरांत नेऊन बसवले. त्यांची हिंदुस्थानी संगीत पद्धती मूळ मराठीत आहे, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. ती वाचताना जाणवते, की ज्या भाषेत राग म्हणजे चिडणे, त्याच भाषेत हा माणूस चार खंडभर रागांविषयी बोलतो आहे आणि वाचकाचा कुठेही गोंधळ होत नाही.

गोंधळ झाला नाही, कारण आपल्या लोकांनी गाण्यातला रागही घरचाच करून टाकला होता. १८८० च्या ऑक्टोबरात, ३१ तारखेला, दिवाळी तोंडावर आली असताना पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतलाचे पहिले चार अंक मराठीत उभे केले. कालिदासाचा तो सूत्रधार मराठी बोलू लागला, आणि पुढच्या पन्नास वर्षांत ज्यांना थाट म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, असे दुकानदार आणि कारकूनही न्हाणीघरात राग आळवू लागले. आळवणे हाही शब्द पाहा. गवई राग आळवतो, भक्त देवाला आळवतो, आणि रुसलेल्यालाही आळवावेच लागते.

आता लोभ. आपट्यांच्या कोशात रागाच्या अर्थांत लोभही दिसला, तेव्हा मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो. संस्कृतात लोभ म्हणजे हाव. काम-क्रोधांच्या रांगेतला तिसरा शत्रू. आणि आपण पिढ्यान्पिढ्या पत्राच्या शेवटी काय लिहीत आलो? 'लोभ असावा, ही विनंती.' षड्रिपूंपैकी एकाची मागणी करून पत्रावर तिकीट लावणारी जमात जगात दुसरी नसेल. संस्कृतात राग म्हणजे प्रेम आणि लोभ म्हणजे वाईट. मराठीत लोभ म्हणजे प्रेम आणि राग वाईट. दोघांनी वाटेत कुठेतरी अंगरखे बदलले. आणि तरीही आपण 'रागलोभ' असा एकत्रच उच्चार करतो, एखाद्या जोडप्याचे नाव घ्यावे तसा. 'ज्याचा राग नाही त्याचा लोभ तरी कसला,' असे आमची आजी म्हणे. तिने संस्कृत कोश पाहिलेला नव्हता. 'अति राग भीक माग' ही म्हणही तिचीच आवडती, आणि ती बहुधा वडिलांच्या पाठीमागे म्हटली जाई.

असो. १९७९ च्या मे महिन्याच्या सुट्टीत ते जुने पत्र खिशात घालून मी जबलपूरला गेलो. वडिलांना सांगितले की शाळेच्या कामाने भोपाळला जातो. कल्याणला गाडी बदलली, भुसावळ गेले, इटारसी गेली. वाटभर मी वाक्ये जुळवीत होतो. चुलतभाऊ स्टेशनावर आला होता. तो आता एका कॉलेजात हिंदी शिकवत होता. टांग्यातच मी पत्र काढले आणि ते वाक्य दाखवले. त्याने एकदा वाचले, परत वाचले. "हाँ, अनुराग के अर्थ में," तो म्हणाला, आणि मिरजेला ते कसे वाचले गेले हे मी सांगितले तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. मग उलट मलाच विचारले, "पर भैया, आप लोग हर चिट्ठी में लोभ क्यों माँगते हैं? माँ को मैं आज तक समझा नहीं पाया."

रात्री जेवणे झाल्यावर मी काकांपुढे विषय काढला. ते अंगणात बाजेवर बसले होते. मी त्यांना सारे सांगितले: रञ्ज् धातू, विश्वनाथाची करडई, आपट्यांचा कोश. शेवटी म्हणालो, "म्हणजे काका, त्यानं लिहिलं होतं की तुमचं दादांवरचं प्रेम तसंच आहे. आम्ही उगीच आठ वर्षं..."

काका मोठ्याने हसले. "त्या पोरानं प्रेम लिहिलं होय? मग त्यानंच चूक लिहिलं. मी चांगला रागावलो होतो रे! तुला गाता येतं कुठं म्हणाला मला. दोघांना एकाच आजोबांनी शिकवलेलं."

"मग पत्र कुणी लिहायला सांगितलं?"

"मीच," काका म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "जवारी कोण काढतं आता त्याची?"

मी सांगितले की तंबोऱ्याला नऊ आणि आठ सतरा वर्षे कुणी हात लावलेला नाही. खोळ घातली आहे आणि खुंटीवर आहे. काका काही बोलले नाहीत.

त्या वर्षी धनत्रयोदशीच्या सकाळी काका मिरजेला आले. आधी कळवलेही नव्हते. वडील ओसरीवर आकाशकंदिलाच्या कामट्या बांधत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "गाडीला इतका उशीर?" गाडी वेळेवर होती. काका म्हणाले, "झाला थोडा."

कोशातले सारे मी वडिलांना त्याच दुपारी सांगितले. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकले. "बरोबर असेल," ते म्हणाले. "पण तेव्हा कळलं असतं तरी मी गेलो नसतो."

संध्याकाळी दोघांनी मिळून तंबोरा खाली घेतला. खोळ काढली तेव्हा तिच्या शिवणीवरचे दोरे गळून हातात आले. तारा गंजल्या होत्या. पण भोपळा शाबूत होता. बाजारातून नव्या तारा आणल्या. काका खुंटी पिळू लागले, आणि आतून आम्हाला वडिलांचा आवाज ऐकू आला, "अरे हळू! हळू म्हणतोय ना! तुटेल ती."